बारा मिनिटांची पत्रिका

आमच्या घरात लग्नं जुळायची, आणि एक लग्न जुळायला बारा मिनिटं लागायची. न जुळायलाही बाराच लागायची, कारण तेवढा वेळ आमचा कॉम्प्युटर घ्यायचा.

नव्वदीच्या उत्तरार्धातली गोष्ट. नाशिकला इंदिरानगरमधल्या आमच्या रो-हाउसच्या हॉलमध्ये आई वधू-वर सूचक केंद्र चालवायची. दर रविवारी सकाळी नऊपासून माणसं यायची. निफाड, सिन्नर, विंचूर, पार मालेगावपर्यंतची. मुलीकडचे दिवाणावर बसत, मुलाकडचे फोल्डिंगच्या खुर्च्यांवर, आणि मधल्या टीपॉयवर पोह्यांच्या बश्या. वडील सकाळी भाजीच्या निमित्ताने पिशवी घेऊन जे बाहेर पडत, ते शेवटची चप्पल दारातून हलल्यावरच परत येत. चार माणसांच्या भाजीला त्यांना पाच तास लागायचे.

कॉम्प्युटर आईने एका बंद झालेल्या ऑफिसातून सेकंडहँड घेतला होता. थ्री-एटी-सिक्स म्हणायचे त्या पिढीला, म्हणजे तेव्हाच पेन्शनीला आलेला. तो तापायचा, म्हणून त्याचा पत्रा काढून समोर टेबलफॅन लावलेला असे. मे महिन्यात पाहुण्यांना घाम आणि कॉम्प्युटरला वारा, अशी आमच्याकडची व्यवस्था होती. मुलाची आणि मुलीची जन्मवेळ, जन्मगाव घातलं की पडद्यावर ‘गणित चालू आहे’ अशी पाटी यायची आणि पाच-सहा मिनिटं तशीच राहायची. मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एकेक ओळ करवतीसारखी कापत दोन पानं बाहेर काढायचा. छत्तीसपैकी किती गुण जुळले ते दुसऱ्या पानाच्या अगदी तळाशी. अठराच्या वर आले तर बरं, खाली आले तर पाहुणे चपला शोधणार, असा साधारण हिशेब.

मला हळू गोष्टींचा राग येतो. अजूनही येतो. रांगेत माझ्या पुढचा माणूस खिशात सुट्टे पैसे चाचपायला लागला की माझं डोकं तापतं. त्यात मी नुकताच डिप्लोमा संपवून कॉलेज रोडला हार्डवेअरचा कोर्स करत होतो. सहा महिन्यांच्या कोर्सातले दोन महिने झालेले, म्हणजे माणूस सर्वांत जास्त शहाणा असतो तो काळ. दर रविवारी त्या पाटीकडे बघत बसणं मला अपमानासारखं वाटायचं. पाहुणे मात्र मजेत असायचे. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी विचारायचं, मूळ गाव कोणतं. पाचव्या मिनिटाला मामेकूळ निघायचं. आठव्या मिनिटापर्यंत कुणाची तरी नणंद कुणाच्या तरी चुलत्याच्या घरात दिलेली निघाली नाही, असं फार क्वचित व्हायचं. कागद हातात पडेपर्यंत मंडळी एकमेकांना पाव्हणं म्हणायला लागलेली असत. मग चौदा गुण आले तरी आई म्हणायची, चौदा म्हणजे तसे कमी नाहीत. आणि ते त्यांना पटायचं.

या सगळ्यात टायपिंगला बसायची माझी ताई. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, एकतीस पूर्ण झालेली. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करायची आणि रविवारी दुसऱ्यांच्या जन्मवेळा कॉम्प्युटरला घालायची. तिच्या स्वतःच्या पत्रिकेत मंगळ होता, तोही ठाण मांडून बसलेला. जिल्ह्याची लग्नं लावणाऱ्या बाईची पोरगी घरात, यावर गल्लीत ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण फुकट वापरली जायची. आईला ती ऐकू यायची. तिच्या मनाला दुसरं काही लागत नव्हतं, हे एकच लागत होतं.

आणि आईचा एक नियम होता, तो ताईच्या मुळावर आला होता. केंद्रात येणाऱ्या स्थळांना आपली मुलगी दाखवली तर लोक म्हणतील, फी घेते आणि स्वतःची पोरगी गळ्यात मारते. म्हणून ताईच्या बाबतीत उलटं चालायचं. आधी पत्रिका जुळवायची, कागद टपालाने मुलाकडे पाठवायचा, आणि त्यांनी बोलावणं केलं तरच भेट. आठ घरी कागद गेला होता. आठही घरांतून ‘पत्रिका जुळत नाही, क्षमस्व’ असं कार्ड नाहीतर फोन आला होता. त्या आठांतल्या एकानेही ताईला पाहिलेलं नव्हतं.

तर मी कॉम्प्युटर बदलायचा ठरवला. घरात कोणी मागणी केली नव्हती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो मीच. सकाळच्या एसटीने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवरून नवा मदरबोर्ड, पेंटियम प्रोसेसर आणि रॅमच्या दोन पट्ट्या आणल्या. टॉवेलात गुंडाळून, मांडीवर ठेवून आणल्या. कसाऱ्याच्या घाटात दर वळणाला मी त्यांना दोन्ही हातांनी धरत होतो. शनिवारी दुपारी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून शस्त्रक्रिया केली. ताई स्क्रू वाटीत गोळा करत होती आणि बॅटरी धरत होती. बोर्डाला वीज देणारे दोन प्लग शेजारी-शेजारी बसतात, आणि दोन्हींच्या काळ्या वायरी मध्येच आल्या पाहिजेत. उलटं झालं तर सगळं जळून खाक. हे मला माहीत होतं, तरी मी ते उलटं बसवलं. ताईने बटणावरचा माझा हात धरला आणि म्हणाली, काळ्या मध्ये म्हणाला होतास ना? त्यासाठी मी तिचे आभार मानले नाहीत. मी म्हणालो की बघतच होतो.

संध्याकाळी पत्रिका दोन सेकंदांत आली. ‘गणित चालू आहे’ ही पाटी दिसेपर्यंत पुसली गेली. पुढच्या आठवड्यात शाई उडवणारा नवा प्रिंटर आला; तो पान काढताना नुसता सुस्कारा सोडायचा. आईने शेजारणींना बोलावून दाखवलं. आमच्या बाळाने केलं, म्हणाली. मी दारावरच्या पाटीत ‘पत्रिका त्वरित’ अशी ओळ स्वतः ब्रशने वाढवली.

पहिल्या रविवारी तीन जोड्या आल्या. पहिली मंडळी बसली, ताईने वेळा घातल्या, कागद बाहेर. पंधरा गुण. मुलाच्या मामांनी कागद बघितला, पोरीच्या बापाने बघितला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि उठले. आई पोह्यांची कढई घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दुसरे तसेच, तिसरे तसेच. त्या रात्री आम्ही पोहे जेवलो. पुढच्या रविवारीही. तिसऱ्या आठवड्यात वडिलांनी विचारलं की या घरात पोळी मिळायची काही शक्यता आहे का.

आईने दोष गुरूच्या अस्ताला दिला. मग म्हणाली, कांद्याला भाव नाही, लोकांची मनं थाऱ्यावर नाहीत. मी म्हणालो, लोक चोखंदळ झालेत, आपण काय करणार. खरं कारण मला विंचूरकडच्या एका आजोबांनी तोंडावर सांगितलं. नातीसाठी आले होते. कागद हातात घेऊन ते माझ्याकडे संशयाने बघत राहिले.

“वाचलं का त्यानं सगळं?” त्यांनी विचारलं.

मी प्रोसेसरचा वेग समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“लिलावात कांद्याची ट्रॉली बी येवढ्या झटक्यात निघत नाय, दादा. येपारी चार कांदे हातात घेऊन बघतो तरी.”

मी हसलो. अडाणी माणूस, असं मनात म्हटलं, हे कबूल करतो. पण ताई कीबोर्डवरचे हात मांडीवर घेऊन बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती.

दिवाळीआधी एका रविवारी चांदवडचा एक माणूस एकटाच नाव नोंदवायला आला. चौतीस वर्षांचा, हायवेवर मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेतातल्या पंपाच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचा. आई एका साखरपुड्याला गेली होती, म्हणून फॉर्म ताईने भरला. जन्मवेळ विचारली तर म्हणाला, आई साडेपाच सांगती आन वडील सहा. मधलं काहीतरी लिहा, दोघंबी भांडायचे थांबतील. ताई हसली. मी शेजारी प्रिंटर पुसत होतो, आणि मला एकदम जाणवलं की ताईला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलेलं नाही. तो गेल्यावर ती अर्धा तास कॉम्प्युटरसमोर बसून होती. मला वाटलं, फॉर्म चढवते आहे.

आठवड्याने तिने आईला सांगितलं की हे स्थळ माझ्यासाठी बोलाव. कागद आधी पाठवायचा नाही. इथेच, सगळ्यांसमोर जुळवायची. आईने नियम सांगितला. ताई म्हणाली, तुझा नियम आठ वेळा पाळून झाला. आईने चांदवडला निरोप धाडला.

शुक्रवारी ताई माझ्याकडे आली. मी नव्या कॉम्प्युटरवर काहीतरी खेळत होतो.

“रविवारी जुना बोर्ड लाव,” ती म्हणाली. “आणि जुना प्रिंटर.”

मी आधी हसण्यावारी नेलं. मग चिडलो. जग पुढे चाललंय आणि तू मागे, लोक काय म्हणतील, माझी मेहनत, मुंबईच्या खेपा, सगळं ऐकवलं. बोर्ड म्हणजे खिडकीचा पडदा नव्हे, आज हा लावला, उद्या तो. माझा आवाज इतका चढला की वडील बातम्या सोडून दारात आले. ताई मी थांबेपर्यंत उभी राहिली.

“मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय का?”

मी खरंच आठवून बघितलं. स्क्रू धरले होते तिने, बॅटरी धरली होती, माझ्या कोर्सची फी तिच्या पगारातून गेली होती. मागितलं मात्र काहीच नव्हतं.

रविवारी पहाटे उठून मी बसलो. सगळी दुनिया कॉम्प्युटर वेगवान करायच्या मागे होती आणि मी आमचा हळू करत होतो. नव्या पट्ट्या काढल्या, नवा बोर्ड काढला. माळ्यावरून जुना बोर्ड काढून त्याच्यावरची धूळ फुंकली. काळ्या वायरी मध्ये. बटण दाबलं तेव्हा तो चालू होऊ नये अशी माझी मनातून इच्छा होती. झाला. टेबलफॅन पुढे ओढून ठेवला.

दहाला ते आले. तो, त्याची आई आणि वडील. वडील उंच, टोपी घातलेले, बोलायला कंजूष. ताई साडी नेसून आत थांबली होती, म्हणून टायपिंगला मी बसलो, पाहुण्यांकडे पाठ करून. दोन्ही जन्मवेळा घातल्या. पाटी आली: गणित चालू आहे. माझ्या पाठीमागे अशी शांतता की फॅनचा प्रत्येक फेरा ऐकू येत होता.

ताई पोहे घेऊन आली. दोन मिनिटं गेली. त्याच्या आईने माझ्या आईला माहेर विचारलं. लासलगाव म्हटल्यावर बाईंचा आवाज बदलला. त्यांची धाकटी बहीण तिथेच दिलेली. कुठल्या गल्लीत, मारुतीच्या मागे की पुढे, हे ठरवण्यात आणखी दोन मिनिटं गेली आणि शेवटी ती बहीण माझ्या मामांच्या भिंतीला भिंत लागून निघाली. आईचं हसू मी पाठीने ऐकलं.

मग त्याने विचारलं की मशीन किती जुनं आहे, फॅन कशाला. ताईने सांगितलं की तापतं. तो म्हणाला, तापणारं मशीन वाईट नसतं, त्याला वारा मिळाला पाहिजे. आणि तेव्हा ताईने त्याला प्रश्न विचारला. आमच्या हॉलमध्ये मुलींना प्रश्न विचारले जात. मुलीने उलट विचारल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

“एकदा जळलेली मोटार परत भरली, तर पहिल्यासारखी चालते?”

“चालती,” तो म्हणाला. “फक्त आधी का जळली ते बघावं लागतं. बरेच जण बघत नाय.”

मग ताई म्हणाली की मला नोकरी सोडायची नाही, चांदवडहून रोज येणं जमेल का. तो म्हणाला की बस आहेत, आणि दुकानाच्या दारातच थांबतात. तिच्या आवाजात कसला तरी धीर होता, तो मला ओळखीचा नव्हता. त्या घटकेला मला फार वाटलं की हे जमावं.

प्रिंटर सुरू झाला. पहिलं पान निघालं, आणि दुसऱ्याच्या मध्यावर कागद अडकला. एरवी मी दोन थपडा मारून तो सरळ केला असता. त्या दिवशी मी झाकण उघडलं, कागद अलगद सोडवला, रिबन बघितली, काही गरज नसताना रूळ फडक्याने पुसला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं काम सावकाश करत होतो. मागे त्याची आई ताईला जवळ बसवून घेऊन पोह्यांत ओलं खोबरं घालता का विचारत होती.

शेवटी कागद निघाला. मी तळाची ओळ वाचली आणि तो पाहुण्यांच्या हातात देताना मला त्यांच्याकडे बघवेना. छत्तीसपैकी नऊ.

त्याच्या वडिलांनी कागद हात लांब करून वाचला. आईने तोंड उघडलं, पण ‘नऊ म्हणजे तसे’ हे वाक्य तिलाही पूर्ण करता आलं नाही. म्हाताऱ्यांनी कागदाची घडी घातली.

“आलो तवा घड्याळ बघितलं मी,” ते म्हणाले. “लय येळ घेतला मशीननं. झटक्यात नाय म्हणला नाय तो. त्यालाबी इचार पडला म्हंजी काहीतरी हाय.” मग मुलाकडे वळले. “तुझं काय?”

मुलगा म्हणाला, माझं कधीच झालंय. म्हाताऱ्यांनी घडी खिशात टाकली आणि आईला म्हणाले, “बाई, पुढल्या रविवारी चांदवडला या. घर बघून घ्या.”

याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. आईने डोळ्याला पदर लावला आणि त्यांना पुन्हा पोहे वाढले.

दुपारी ताई ओट्याशी कपबश्या विसळत होती. मी फडक्याने पुसायला उभा राहिलो, जे मी सहसा करत नसे. मला फार हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटलं की मी बडबडतो. म्हणालो, नशीब समज, नऊ आलेले बघून माझा तर जीवच गेला होता.

“नऊच येणार होते,” ताई म्हणाली. “त्याने फॉर्म भरला त्याच दिवशी बघितले होते मी. तुझ्या नव्या मशीनवर.”

मी विचारलं, माहीत होतं तर त्यांना बोलावलं कशाला, आणि सगळ्यांसमोर.

तिने नळ बंद केला.

“आज नाही म्हणाले असते तरी चाललं असतं मला. पण आठ घरांनी नाही म्हटलं, त्यातल्या एकाने मला पाहिलं नाही. एकदा तरी कोणी मला भेटून नाही म्हणावं, एवढंच होतं.”

ती पुन्हा कप विसळायला लागली. ते आठही कागद मीच छापून पाकिटात घातले होते, आणि टपाल पेटीतून निघायच्या आत पोचावं म्हणून प्रत्येक वेळी सायकल दामटत नेऊन टाकले होते.